मुली दोन, अविवाहित

आमच्या घरात जेवताना पकडलेल्या माणसांच्या गोष्टी चालायच्या. इतरांच्या घरी म्हणे जेवताना शेजारपाजारचं, सोयऱ्याधायऱ्यांचं बोलतात. आमचे अप्पा सोलापूर स्टेशनावर तिकीट कलेक्टर. त्यामुळं आज गेटावर कोण सापडलं, कसं रडलं, कसे हात जोडले, हे सगळं कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर आमच्या ताटात पडायचं. अप्पा नकला फार झकास करायचे. म्हातारीचा थरथरता आवाज, विणकराचं तेलुगू वळणाचं मराठी, मोहोळकडच्या माणसाचं 'सायब, चुकी झाली की, लेकराबाळांचा बाप हाय मी', सगळं हुबेहूब. आम्ही दोघी बहिणी हसायचो. मी तर ठसका लागेपर्यंत हसायचे. आज ते आठवलं की घास तोंडात फिरतो. पण तेव्हा मी हसत होते हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहायचा मला काही अधिकार नाही.

रेल्वेचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागं मोरी. रूळ इतके जवळ की शंटिंगचा डबा डब्याला धडकला की फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या. वाळत घातलेल्या पापडावर कोळशाची भुकटी बसायची. अव्वा ती फडक्यानं झटकायची आणि शिव्या द्यायची, त्या कानडीत. घरात आम्ही निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचो. आई ती अव्वा, बाप तो अप्पा, आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी महानंदा ती अक्का. सकाळी मिलचा भोंगा झाला की अप्पा अंघोळ करून लिंगपूजेला बसत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढत आणि मग अव्वानं कांजी घालून कडक केलेली पांढरी पँट चढवत. काळ्या कोटाची पितळी बटणं चिंचेनं घासायचं काम माझं होतं. बटणं अशी लखलखायची की अप्पा त्यात बघून मिशी सारखी करायचे. त्या कोटाच्या कॉलरला घामाचा आणि हेअर ऑइलचा एक आंबूस वास असायचा. तो वास तेव्हा मला फार भारी वाटायचा.

माझी शाळा सात रस्त्याच्या पलीकडं. येताना आम्ही कॉलनीतली पोरं स्टेशनातून आडवं घुसायचो, त्यामुळं अप्पांचं काम मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अर्ध्या तिकिटाची लबाडी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बारा वर्षांखालच्या पोराला अर्धं तिकीट, आणि गाडीत बसलेलं प्रत्येक पोर, मिसरूड फुटलेलं असलं तरी, आईबापाच्या तोंडून अकराच वर्षांचं. अप्पा आईबापाशी वादच घालत नसत. खाली वाकायचे, आवाज मऊ करायचे आणि पोरालाच विचारायचे, "बाळ, कितवीत गं तू?"

"आठवीत!" एकदा एका पोरीनं छाती फुगवून सांगितलं. शाळेत नंबर काढणारी असणार बिचारी. तिच्या आईनं तिथंच तिच्या मुस्काटात ठेवून दिली.

"ओ टिशी सायब, लेकराला काय इचारताय? मला इचारा की!" बाई कडाडली.

"लेकरं खोटं बोलत नाहीत," अप्पा म्हणाले. आणि शांतपणे पावतीपुस्तक काढलं.

दुसऱ्या एकाशी बराच वेळ हुज्जत चालली होती. "क्या साब, बच्चा लंबा हो गया तो मेरा क्या कसूर?" तो म्हणे. अप्पा म्हणे, "तिकीट लांबीचं नाही, वयाचं आहे." भोवती बघ्यांचं हे कोंडाळं. मला लाज वाटायला हवी होती ती त्या फसवणाऱ्या आईबापांची की रडणाऱ्या पोरांवर खूश होणाऱ्या माझ्या बापाची, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. दोन्हीकडं घाणच होती. तेव्हा मात्र मी ऐटीत उभी राहायचे, माझे अप्पा कसे कडक, कसे नियमाचे.

आता त्या नियमाच्या माणसाच्या घरचा नियम सांगते. रेल्वेच्या नोकराला वर्षातून काही वेळा कुटुंबासह फुकट प्रवासाचा पास मिळायचा. त्यावर कोण कोण जाणार ते लिहिलेलं असायचं. बायको चालते, लहान मुलगे चालतात, मुलगी चालते ती अविवाहित असेपर्यंत. तिचं लग्न झालं की तिचा हक्क संपला, बापानं ऑफिसात फॉर्म भरून तिचं नाव कमी करायचं. कॉलनीत हा फॉर्म कुणी भरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लग्न झालेल्या लेकी वर्षानुवर्षं पासावर कुमारिकाच राहायच्या. याला चोरी कुणी म्हणायचं नाही. 'पास चालवणं' म्हणायचे. आणि बायकांनी त्याचं शास्त्र बसवलेलं होतं. शेजारच्या गार्डाच्या बायकोनं, काशीबाईंनी, अक्काचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात अव्वाला ते पढवून ठेवलं. "गाडी सुटली की मंगळसूत्र काढायचं, रुमालात बांधून फराळाच्या डब्यात तळाला घालायचं. जोडवी साबण लावून काढा, नाहीतर पटकन निघत नाहीत. दोन वेण्या घाला. आणि हातात एखादं शाळेचं पुस्तक द्या, कुणाची टाप आहे विचारायची!" आपल्या लेकीच्या गळ्यात लग्नात जे बांधलं ते फुकटच्या प्रवासासाठी चिवड्याखाली पुरायचं, याचं त्या पंचक्रोशीत कुणाला काहीएक वाटत नव्हतं. उपासतापास करणाऱ्या बायका होत्या सगळ्या.

अक्का पुण्याला दिली होती. भावोजी शाळामास्तर, सरळ माणूस. लग्नानंतर अक्का दोनदा अशी पासावर आली-गेली. तिला ते आवडायचं नाही. मंगळसूत्र काढताना ती खिडकीकडं तोंड करायची, आणि अव्वा म्हणायची, "सोलापूर येईपर्यंत तर हाय गं. कोण बघतंय?"

मग ते आणीबाणीचं वर्ष आलं. गाड्या वेळेवर धावत होत्या असं लोक अजून कौतुकानं सांगतात. धावत असतील. कॉलनीत मात्र सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. कुणाच्या हातात कधी सक्तीनं घरी बसवल्याचं पत्र पडेल याचा नेम नव्हता. अप्पाही रात्री कुशी बदलायचे. त्याच दिवसांत अक्काला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अप्पा, अव्वा आणि मी तिला आणायला पुण्याला गेलो. भावोजी म्हणाले, "मामा, तिचं तिकीट मी काढतो. अशा दिवसांत उगाच कटकट नको." त्यावर अप्पा मोठ्यानं हसले. "रेल्वेच्या जावयानं तिकीट काढायचं? माझी अब्रू घालवता काय?" भावोजींनी स्टेशनावर येऊन आम्हाला सकाळच्या गाडीत बसवून दिलं, अक्काच्या हातात थोडे पैसे ठेवले, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

पुणं मागं पडलं तशी अव्वानं डबा काढला. अक्का म्हणाली, "अव्वा, आता राहू दे ना. सगळं दिसतंय की."

"पदर घे अंगभर. आणि आण इकडं."

मी आज विचार करते, दोन मोठी शहाणी माणसं तिथं होती, अक्का सांगत असूनही त्यांतल्या एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही? मंगळसूत्र काढलं की पोरगी कुमारिका दिसते, हे इतकं अंगवळणी पडलेलं की सात महिन्यांचं पोट समोर असून दिसलं नाही. सवयीनं आंधळी झाली होती आमची माणसं. अक्काचे पाय सुजलेले, जोडवी बोटांत रुतलेली. अव्वानं खोबरेल लावून ओढून ओढून काढली. डाव्या बोटाची साल निघाली. अप्पांनी पेपर वाचता वाचता एकदा पाय आखडून घेतले, अव्वाला खाली बसायला जागा व्हावी म्हणून.

दौंडला आमच्यासमोर एक माढ्याकडची बाई नातवाला घेऊन बसली. हिरवं लुगडं, मोठ्ठं कुंकू, तोंडाचा पट्टा सुरूच. बसल्या बसल्या तिनं फडकं सोडून धपाटी काढली, आम्हाला एक एक दिलं. अक्काकडं बघून म्हणाली, "कितवा गं बाय?"

"सातवा," अक्का हळूच म्हणाली.

"पोरगाच हाय बग. चेहरा कसा उतरलाय." आणि तिनं कनवटीच्या पुरचुंडीतून चिंचेचा गोळा काढून अक्काच्या हातात दिला. अक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तिच्या गळ्याकडं त्या बाईचं लक्षच नव्हतं, पदर होता.

मग डब्याच्या त्या टोकाला गडबड झाली. तपासणीचं पथक. एक चष्मेवाला इन्स्पेक्टर, मागं एक पोलीस. एक एक तिकीट उजेडात धरून बघत येत होता. अप्पांनी कोटाची बटणं लावली. आम्हाला भीती वाटली नाही, आपल्याच खात्यातला माणूस. अप्पांनी पास दिला, वर "स्टाफ" म्हणून हसले. तो हसला नाही.

"स्वतः, पत्नी, मुली दोन, अविवाहित," त्यानं मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मग अक्काकडं. अक्कानं पदर ओढून घेतला, पोट झाकलं गेलं आणि मान उघडी पडली.

"ही?"

"माझी थोरली. महानंदा."

"अविवाहित?"

इन्स्पेक्टर वाकला, आवाज खाली आणला. वाईट माणूस नव्हता तो, हे मला आज कळतं. म्हणाला, "लग्न झालं असेल तर आत्ता सांगा. तिकीट आणि दंडाची पावती इथंच फाडतो. पासाचा गैरवापर म्हणून वर लिहावं लागेल, ते मात्र मला चुकवता येणार नाही." म्हणजे नोकरी जाणार. त्या दिवसांत तेवढं लिहिलेलं पुरेसं होतं. अप्पांच्या कपाळावरच्या विभूतीत घाम उतरला होता. एका बाजूला अठरा वर्षांची नोकरी, क्वार्टर, पेन्शन. एका बाजूला लेक, तीही हातभर अंतरावर बसलेली.

"अविवाहित आहे," अप्पा म्हणाले.

इन्स्पेक्टरनं चष्मा वर केला आणि माझ्याकडं वळला. "बाळ, कितवीत तू?"

"सातवीत."

"ताईचं लग्न झालंय का?"

अप्पा माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. खिडकीबाहेर बघत होते. त्यांना धाक घालायची गरज नव्हती, मी त्यांचीच तयार केलेली होते. "नाही," मी म्हणाले. शाळेत कविता म्हणून दाखवावी तितक्या खणखणीत आवाजात म्हणाले.

त्यानं पासाची घडी केली. "बरं. मग मुलीची काळजी घ्या," एवढंच बोलला आणि पुढच्या डब्यात गेला.

त्या माढेकरीण बाईनं आधी नातवाला उचलून दुसऱ्या बाजूला बसवलं. मग आपलं गाठोडं मधे ठेवलं, अक्काच्या आणि आपल्या. "बापच सांगतोय म्हटल्यावर काय बोलायचं! शिव शिव शिव," असं पलीकडच्या बाईला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दाराशी उभे दोन बाप्ये मुद्दाम आत येऊन बघून गेले. एक जण फिदीफिदी हसला. कुणीतरी म्हणालं, "बापाची हिंमत बगा की, उजळ माथ्यानं घिऊन फिरतोय." अक्काच्या हातात चिंचेचा गोळा तसाच होता. तिनं तो सीटवर ठेवला.

"अप्पा," ती म्हणाली, "सांगा ना त्यांना."

"सुम्म कूड," अप्पा दात आवळून म्हणाले. गप्प बस. "पथक अजून गाडीतच आहे." आणि त्यांनी पेपर उघडला. खरंच उघडला हो! पान उलटून पुढची बातमी वाचायला लागले. माणूस इतका खाली जाऊ शकतो आणि तरी त्याला पुढची बातमी वाचावीशी वाटते, हे मी बाराव्या वर्षी पाहिलं. अव्वा गुडघ्याला हनुवटी लावून बसली होती. कुर्डूवाडी येईपर्यंत दीड तास लोकांनी बोलून घेतलं.

कुर्डूवाडीला गाडी जास्त वेळ थांबायची. अक्कानं सीटखालून डबा ओढला, झाकण काढलं आणि हात थेट तळाला घातला. चिवडा सगळीकडं सांडला. रुमाल सोडला. मंगळसूत्राला तेल आणि हळद लागली होती, शेव चिकटली होती. तसंच तिनं ते दोन्ही हातांनी गळ्यात घातलं, केस सोडवून घेतले आणि आपली पिशवी उचलली.

"अगं बाय माजे!" ती माढेकरीण उठूनच उभी राहिली. "लगीन झालंय व्हय गं तुजं?"

"झालंय, मावशी. दोन वर्षं झाली. नवरा पुण्यात मास्तर आहे." आमच्याकडं पाठ करून अक्का तिला सांगत होती.

बाई अप्पांकडं वळली. त्यांचा काळा कोट, पितळी बटणं, कशाची भीडभाड ठेवली नाही. "आरं, मग तू बाप हायस का कोन? तिकिटासाटी लेकीच्या तोंडाला काळं फासलंस? थू तुज्या जिनगानीवर!"

अप्पा खिडकीतून मान काढून पथक कुठं दिसतं का ते बघत होते.

"मी उतरते," अक्का म्हणाली. "पुण्याची गाडी मिळेल मला."

"अगं, या अवस्थेत? एकटी?" अव्वा धडपडत उठली. "थांब, मीबी येते."

अप्पांनी तिचं मनगट धरलं. "पास माझ्याकडं आहे. उतरलीस तर विनातिकीट होशील."

अव्वा उभी राहिली. माझ्या मनात ती क्षणभर उतरलीसुद्धा. पण अठरा वर्षं टी.सी.ची बायको होती ती, बिनतिकिटी बाईचं काय होतं ते रोज जेवताना ऐकलेलं. ती खाली बसली. अक्कानं ते बघितलं आणि खाली उतरली. त्या बाईनं नातवाला आमच्याच समोर सोडून तिची पिशवी दारापर्यंत नेऊन दिली. गाडी सुटली तेव्हा अक्का एका हमालाला काहीतरी विचारत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. ती संध्याकाळी सुखरूप पोचली, हे आम्हाला भावोजींच्या पत्रातून आठ दिवसांनी कळलं. आठ दिवस अव्वा पोस्टमनच्या वाटेवर बसून होती.

आणि कॉलनी? कॉलनीनं अप्पांची पाठ थोपटली. गार्ड आले, फिटर आले, अव्वानं सगळ्यांना चहा केला. "काय प्रसंगावधान हो! दुसरा असता तर गांगरला असता. नोकरी वाचली." काशीबाई म्हणाल्या, "चुकलं ते एवढंच, सातव्यात पास चालवायचा नसतो." पहिले दोन दिवस अप्पा गप्प होते. तिसऱ्या दिवशी रात्री पडवीत मंडळी जमली तेव्हा त्यांना रंग चढला. त्यांनी चष्मा वर केल्याचा हावभाव केला, आवाज खाली आणला आणि इन्स्पेक्टरची नक्कल केली. "मग मुलीची काळजी घ्या!" सगळे खो खो हसले. मी आत जेवत होते, ताट तसंच टाकून मोरीत जाऊन ओकले. त्यानंतर अप्पांच्या कुठल्याही नकलेला मला हसू आलं नाही, आणि त्या कोटाची बटणंही मी पुन्हा घासली नाहीत.

माझी आता साठी उलटली. अक्का पुण्यात असते, तिचे गुडघे गेले, आठवड्यातून एकदा फोन करते आणि तासभर बोलते. त्या 'नाही'बद्दल मी तिची माफी कधी मागितली नाही. मागितली तर ती लगेच म्हणेल, तू लहान होतीस गं. तेवढ्या स्वस्तात मला सुटायचं नाही. बाराव्या वर्षी खरं काय ते चांगलं कळतं.

त्या प्रवासानंतर दोन-अडीच महिन्यांनी अक्काला सासरी मुलगी झाली. कार्ड आलं ते अव्वाच्या नावानं, अप्पांचा त्यात उल्लेख नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पांनी ऑफिसातून तो फॉर्म आणला, लग्न झालेल्या मुलीचं नाव कमी करायचा. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, ऑफिसात कागद तपासायला सुरुवात झाली होती. संध्याकाळी ते पडवीत पाटावर बसले, मांडीवर फळी घेतली, टाक पुसला. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. मग आत वळून म्हणाले, "अगं ए, महानंदाच्या लग्नाची तारीख काय होती?"

अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. मी ताट घेऊन तिच्याजवळ बसले होते. त्या गाडीपासून तिनं अप्पांशी हो-नाहीच्या पलीकडं बोलणं टाकलं होतं. तिचा हात थांबला नाही.

"कुणाचं लगीन?" ती म्हणाली. "आमची थोरली अविवाहित हाय. तुमीच सांगितलं की चारचौघांत."

"चेष्टा पुरे. तारीख सांग."

"मला न्हाई ठावं. तिच्या बापाला इचारा."

अप्पा तारीख आठवत बराच वेळ बसले होते. त्यांना आठवली नाही. अव्वानं भाकरी पलटली, माझ्या ताटात टाकली आणि पुढची थापायला घेतली.